न जळणारा दगड, न विझणारा दाह

शाळेच्या प्रयोगशाळेतली एक वस्तू जुन्या शिक्षकांना चांगली आठवत असेल. तिवईवर ठेवायची तारेची जाळी आणि तिच्या मधोमध थापलेला पांढरट गोल. खाली दिवा, वर चंचुपात्र. तो गोल ॲस्बेस्टॉसचा असे. सततच्या उष्णतेने तो ठिसूळ होई, त्याची भुकटी टेबलावर पडे आणि तास संपला की कोणीतरी ती फडक्याने झटकून टाकी. हल्ली या जाळ्यांवर सिरॅमिकचा थर असतो. हा बदल का झाला, हे मात्र वर्गात क्वचितच सांगितले जाते.

ॲस्बेस्टॉस म्हणजे दगडच. पण तो फोडला की त्यातून कापसासारखे धागे सुटतात. हे धागे पिंजता येतात, कातता येतात, विणताही येतात. ते जळत नाहीत, कुजत नाहीत, त्यांना वाळवी लागत नाही. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ 'न विझणारा' असा आहे. वाफेच्या यंत्रांच्या युगात अशा धाग्याला सोन्याचे मोल आले. बॉयलरची वेष्टने, जहाजांतले नळ, गाड्यांचे ब्रेक, छपरांचे पत्रे अशा शेकडो ठिकाणी तो शिरला. पुस्तकांतून त्याचे वर्णन 'निष्क्रिय खनिज' असे येई.

कोडे इथेच आहे. जो पदार्थ सहसा कशाशी रासायनिक क्रिया करत नाही, तो कर्करोग कसा घडवतो? आणि तोही श्वासावाटे आत गेल्यानंतर तीस-चाळीस वर्षांनी? या प्रश्नाचा पाठलाग जवळजवळ शंभर वर्षे चालला आहे. दगडाचे पृथक्करण करून उत्तर मिळाले नाही. त्या दगडाला आपले शरीर काय प्रतिसाद देते, हे पाहू लागल्यावर ते हळूहळू मिळू लागले.

रॉचडेलची गिरणी

इंग्लंडमध्ये तेव्हाच्या लँकेशायर परगण्यात रॉचडेल नावाचे गिरणगाव होते. तेथल्या ॲस्बेस्टॉसच्या गिरणीत नेली केर्शॉ ही स्त्री कातकामावर होती. दम लागू लागला, काम सुटले आणि १४ मार्च १९२४ रोजी, वयाच्या ३३ व्या वर्षी ती वारली. नुकसानभरपाईची जबाबदारी गिरणीने नाकारली होती. विल्यम कुक या विकृतिशास्त्रज्ञाने तिच्या फुफ्फुसाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. फुफ्फुसात व्रणासारखी कठीण ऊती माजली होती आणि तिच्यात खनिजाचे टोकदार तुकडे अडकले होते. त्याच वर्षी कुकने हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले. १९२७ साली त्याने या रोगाला 'ॲस्बेस्टॉसिस' हे नाव दिले.

पुढे सरकारी कारखाना-निरीक्षक डॉ. मेअरवेदर आणि त्यांचे अभियंता सहकारी प्राइस यांनी ३६३ कामगार तपासले. त्यांतल्या चौथ्या हिश्श्याहून अधिक लोकांच्या फुफ्फुसांत असे व्रण होते. ज्यांची नोकरी वीस वर्षांहून जास्त झाली होती, त्यांतले तर बहुसंख्य बाधित होते. त्यांचा अहवाल १९३० साली आला आणि १९३१ मध्ये धूळ आवरण्याचे नियम झाले. आम्हांला हा अहवाल फार महत्त्वाचा वाटतो. धागा पेशीत नेमके काय करतो, याची त्या वेळी कोणालाच कल्पना नव्हती. तरीही किती वर्षे काम केले आणि किती जण आजारी पडले, एवढ्या साध्या हिशेबावर कायदा उभा राहिला. मात्र तो कायदा व्रणांपुरताच होता. कर्करोग अजून चित्रात नव्हता.

तो आला १९५५ साली. रिचर्ड डॉल यांनी एका कारखान्यात वीस वर्षांहून अधिक काळ धुळीत काम केलेल्या ११३ पुरुषांचा माग काढला. सर्वसाधारण लोकसंख्येच्या हिशेबाने त्यांच्यात फुफ्फुसाच्या कर्करोगाने एकही मृत्यू होणे फारसे अपेक्षित नव्हते, आकडेमोड ०.८ असे सांगत होती. प्रत्यक्षात ११ झाले.

पश्चिमेकडून येणारे रुग्ण

आता आपल्याला दक्षिण आफ्रिकेत जायचे आहे. किंबर्ली हे गाव हिऱ्यांच्या खाणींमुळे सर्वांना ठाऊक आहे. तेथे क्षयरोग्यांसाठी एक रुग्णालय होते आणि डॉ. स्लेग्ज त्याचे प्रमुख होते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस क्षयावर नवी औषधे हाती आली होती आणि रुग्ण खरोखरच बरे होऊ लागले होते. छातीत पाणी झाले की ते क्षयाचेच, असे गृहीत धरून उपचार होत. पण छातीत पाणी झालेले काही रुग्ण औषधाला दाद देत नव्हते. त्यांच्या फुफ्फुसाभोवतीचे आवरण जाड होत जाई आणि ते दगावत.

स्लेग्ज यांनी एक साधी गोष्ट टिपली. बरे होणारे रुग्ण गावाच्या पूर्वेकडून येत आणि बरे न होणारे पश्चिमेकडून. क्षयाचा जंतू काही दिशा पाहून वागत नाही. मग पश्चिमेला काय होते?

दरम्यान, १९५६ साली जोहान्सबर्गमध्ये ख्रिस वॅग्नर या तरुण विकृतिशास्त्रज्ञासमोर शवविच्छेदनासाठी एका खाणकामगाराचा मृतदेह आला. निदान क्षयाचे होते. छाती उघडल्यावर दिसले ते भलतेच. एका बाजूची पोकळी बुळबुळीत, खळीसारख्या गाठीने भरून गेली होती. ही गाठ फुफ्फुसाची नव्हती, फुफ्फुसाभोवतीच्या अस्तराची होती. या अस्तराला मेसोथेलियम म्हणतात आणि त्याच्या कर्करोगाला मेसोथेलिओमा. तो इतका दुर्मीळ होता की असा स्वतंत्र कर्करोग असतो का, यावरच तज्ज्ञांत वाद होता. त्या कामगाराच्या फुफ्फुसात ॲस्बेस्टॉसचे धागे सापडले.

वॅग्नर आणि स्लेग्ज यांची गाठ पडल्यावर दोन्ही धागे जुळले. किंबर्लीच्या पश्चिमेला ॲस्बेस्टॉसच्याच नावाने ओळखले जाणारे डोंगर आहेत आणि त्यांत निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. हा प्रकार 'क्रोसिडोलाइट' या नावाने ओळखला जातो. खाणीतून काढलेला दगड हातोडीने फोडून धागा वेगळा करायचे काम बायका आणि मुले करीत. टाकाऊ चुऱ्याचे ढीग गावालगत पडलेले असत आणि त्यांवर मुले घसरगुंडी खेळत.

या दोघांनी आणि छातीचे शल्यचिकित्सक मार्शां यांनी मिळून १९६० साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात ३३ रुग्ण होते. एकाचा अपवाद सोडता सर्वांचा त्या निळ्या दगडाशी कधी ना कधी संबंध आलेला असावा, असे दिसत होते. पण खरा धक्का पुढे आहे. त्यांतले कितीतरी जण खाणीत कामालाच नव्हते. त्यांत गृहिणी होत्या, गुराखी होते, शेतकरी होते, हिशेबनीस होता. काहींनी तो मुलूख लहानपणीच सोडला होता. संशोधकांनी त्यांना 'काय काम करता?' याबरोबरच 'लहानपणी कोठे राहत होता?' असे विचारले, म्हणूनच हे उघडकीला आले. विज्ञानात योग्य प्रश्न विचारणे म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना सांगायचे असेल तर याहून चांगले उदाहरण आम्हांला माहीत नाही.

लंडनमध्ये न्यूहाऊस आणि टॉम्प्सन यांनी १९६५ साली हाच प्रश्न तेथल्या रुग्णांबाबत विचारला. तेव्हा कामगारांचे धुळीने माखलेले कपडे धुणाऱ्या घरच्या बायका यादीत सापडल्या आणि कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहणारेही सापडले.

लांबी आणि जाडी

येथवर इतके नक्की झाले की धागा आत गेला तर दशकांनंतर कर्करोग होऊ शकतो. कसा होतो, ते मात्र अंधारातच होते. १९७० च्या दशकात रसायनांची कर्करोगकारकता तपासण्यासाठी जंतूंवर करायच्या झटपट चाचण्या आल्या. एखादे रसायन जंतूंच्या जनुकांत बदल घडवते का, हे त्यांत पाहतात. तंबाखूच्या धुरातले कित्येक घटक या चाचणीत दोषी ठरले. ॲस्बेस्टॉस मात्र निर्दोष सुटत होता!

अमेरिकेत मर्ल स्टँटन यांनी वेगळी दिशा धरली. त्यांनी उंदरांच्या जातीतल्याच, पण आकाराने मोठ्या अशा प्रयोगशाळेतील घुशींच्या छातीच्या अस्तरावर निरनिराळे धागे ठेवले. त्यांत ॲस्बेस्टॉस होता, तसेच काचेचे आणि इतर खनिजांचेही धागे होते. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ७२ प्रयोगांच्या आढाव्यात निष्कर्ष असा होता: ८ मायक्रॉनहून लांब आणि पाव मायक्रॉनहून बारीक धागे सर्वांत घातक. मग ते कशाचे का असेनात. तोच पदार्थ कुटून आखूड केला की धोका कमी होतो. पाव मायक्रॉन म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा सुमारे अडीचशेवा-तीनशेवा भाग.

तुर्कस्तानातून याला दुजोरा मिळाला. कॅपाडोशिया भागातल्या करायन व आसपासच्या काही खेड्यांत मेसोथेलिओमाने घरेच्या घरे ओस पाडली होती. करायनमध्ये तर सुमारे निम्मे मृत्यू त्यानेच होत. डॉ. इझ्झेत्तिन बारिश यांनी १९७० च्या दशकात हे जगापुढे आणले. तेथे ॲस्बेस्टॉसचा कारखाना नव्हता की खाण नव्हती. घरे ज्या ज्वालामुखीजन्य दगडाची बांधली होती, त्यात एरिओनाइट नावाचे तंतुमय खनिज होते. रसायन वेगळे, आकार तोच आणि रोगही तोच. २००८ साली स्कॉटलंडमधील संशोधकांनी लांब कार्बन-नळ्या उंदरांच्या पोटात सोडून पाहिल्या, तेव्हा तेथेही तसाच दाह उठला.

म्हणजे शरीर धाग्याचे रसायन तर पाहतेच, पण त्याची लांबीही मोजते. ती कोणत्या फूटपट्टीने?

काटा आणि भक्षकपेशी

याचे उत्तर समजायला आपल्याला आणखी मागे, १८८२ सालच्या सिसिली बेटावर जावे लागेल. तेथे मेसिना गावी इल्या मेच्निकोव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत एक बारीक काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काट्याभोवती अळीच्या फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. बाहेरून आलेल्या वस्तूला गिळून टाकणाऱ्या भक्षकपेशींची कल्पना त्याला येथूनच सुचली. पुढे १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

या प्रयोगातली एक बाब सहसा सांगितली जात नाही. भक्षकपेशी काट्याभोवती जमल्या खऱ्या, पण काटा त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठा होता. तो गिळणे त्यांना शक्यच नव्हते. ॲस्बेस्टॉसची सारी कथा त्या न गिळता येणाऱ्या काट्याची आहे.

आपल्या फुफ्फुसातली भक्षकपेशी साधारण २० मायक्रॉन रुंदीची असते. धुळीचा कण वा जंतू ती सहज पोटात घेते. २० मायक्रॉनहून लांब धागा मात्र तिच्या दोन्ही बाजूंनी बाहेर राहतो. तोंड मिटता येत नाही. एरवी गिळलेल्या जंतूवर सोडायची ऑक्सिजनची तिखट संयुगे आणि पाचक रसायने मग उघड्या तोंडातून बाहेर सांडतात व शेजारच्या पेशींना पोळतात. निळ्या ॲस्बेस्टॉसमध्ये लोहाचे प्रमाण वजनाच्या जवळपास चौथा हिस्सा असते. ते या रासायनिक भडक्यात तेल ओतते. शास्त्रज्ञ याला 'फसलेले भक्षण' म्हणतात.

पायात कुसळ मोडले तर काय होते? जागा लाल होते, ठणकते, पू होतो आणि कुसळ बाहेर पडते. दाह ही शरीराची दुरुस्तीची व्यवस्था आहे. ती काम झाले की थांबते. पण फुफ्फुसाभोवतीच्या बंद पोकळीतून द्रव निघून जाण्याची छिद्रे जेमतेम काही मायक्रॉनची असतात. आखूड धागे त्यांतून निघून जातात, लांब धागे तोंडाशीच आडवे पडतात. कुसळ बाहेर पडत नाही, म्हणून दाह थांबत नाही. तो वर्षानुवर्षे धुमसत राहतो.

दाह आणि कर्करोग यांचा संबंध जर्मनीच्या रुडॉल्फ फिर्खोने १८६३ सालीच सुचवला होता. कर्करोगाच्या गाठींत त्याला पांढऱ्या पेशी दिसल्या आणि जुनाट दाहाच्या जागी कर्करोग उद्भवतो, असे त्याने म्हटले. पुढे जंतू आणि नंतर जनुके यांच्या शोधांच्या झगमगाटात ही कल्पना मागे पडली. १९८६ साली अमेरिकेतल्या हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी तिला पुन्हा वाचा फोडली. गाठ म्हणजे कधीच न भरणारी जखम, असे त्यांचे सांगणे होते. जखम भरताना पेशी वाढतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, आधाराचे जाळे विणले जाते. ही सगळी सामग्री गाठीलाही हवीच असते.

निरोपांची भाषा

दाह पसरतो तो निरोपांनी. पेशी एकमेकींना छोट्या प्रथिनांच्या रूपाने निरोप धाडतात: 'इकडे या', 'वाढा', 'मरू नका'. यांतल्या एकाची गोष्ट मोठी विचित्र आहे. १९७५ साली न्यूयॉर्कमध्ये लॉइड ओल्ड आणि सहकाऱ्यांना उंदरांतल्या गाठी मारणारे एक प्रथिन सापडले. त्यांनी त्याचे नाव 'गाठ-नाशक घटक' अशा अर्थाचे ठेवले; थोडक्यात टीएनएफ. कर्करोगावर रामबाण मिळाला, अशी आशा तेव्हा पालवली होती.

२००६ साली हैनिंग यांग, मिकेले कार्बोने आणि सहकाऱ्यांनी मेसोथेलियमच्या मानवी पेशींवर ॲस्बेस्टॉसचे धागे सोडले. त्यांना एक जुनी अडचण सोडवायची होती. या पेशी ॲस्बेस्टॉसला फार नाजूक असतात. धागे पडले की बहुसंख्य मरतात. आता मेलेल्या पेशीतून कर्करोग कसा होणार? उत्तर टीएनएफमध्ये मिळाले. धागे गिळू न शकलेल्या भक्षकपेशी हे प्रथिन सोडतात. ते मेसोथेलियमच्या पेशींत एनएफ-कप्पा-बी नावाची कळ दाबते आणि त्या पेशी मरायच्या राहतात. ज्यांची गुणसूत्रे धाग्यांनी व ऑक्सिजनच्या संयुगांनी बिघडवलेली आहेत, अशा पेशी जगतात आणि विभागतातही. गाठ मारणारा म्हणून ज्याचे बारसे झाले, तोच येथे होऊ घातलेल्या गाठीची पाठराखण करतो. शास्त्रातली नावे फार लवकर ठेवली जातात, हेच खरे.

पण भक्षकपेशींना पहिली हाक कोण देतो? २०१० साली याच गटाने त्याचेही उत्तर दिले. एचएमजीबी-१ नावाचे एक प्रथिन १९७३ पासून माहीत होते. ते पेशीच्या केंद्रकात डीएनएच्या बांधणीत मदत करते. पेशी शिस्तीत, ठरल्याप्रमाणे मेली तर ते केंद्रकातच राहते. पेशी फुटून मेली तर मात्र ते बाहेर सांडते आणि बाहेर आल्यावर त्याचा अर्थच बदलतो. ते घरात असले तर सुतार, रस्त्यावर आले तर दवंडी पिटणारा. हा फरक २००२ साली इटली व अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवला होता. यांग यांच्या गटाला असे आढळले की ॲस्बेस्टॉसने मरणाऱ्या मेसोथेलियमच्या पेशी फुटून मरतात. एचएमजीबी-१ बाहेर पडते, भक्षकपेशी धावून येतात, टीएनएफ सोडतात, आणखी एचएमजीबी-१ सोडतात. धागा तेथेच असतो, त्यामुळे पुन्हा पेशी फुटतात. असे हे रहाट दशकानुदशके फिरत राहते. पुढे, २०१२ साली, असे दिसले की मेसोथेलिओमाच्या पेशी स्वतःच एचएमजीबी-१ स्रवू लागतात आणि त्यावर वाढतात. म्हणजे एका टप्प्यानंतर आग लावणाऱ्या काडीची गरजच उरत नाही.

यावरून तीस-चाळीस वर्षांच्या विलंबाचाही काहीसा उलगडा होतो. एका घावात कर्करोग होत नाही. पेशीला आवर घालणारी काही जनुके एकामागून एक गमवावी लागतात आणि त्यासाठी पुष्कळ मरणे व पुष्कळ विभाजने घडावी लागतात. दाह ती संधी रोज थोडी थोडी देत राहतो. सर्वांनाच हा रोग का होत नाही, याचेही एक कारण २०११ मध्ये पुढे आले. बॅप-१ नावाच्या जनुकाची एक प्रत जन्मतःच बिघडलेली असलेल्या कुटुंबांत मेसोथेलिओमा वारंवार होतो.

प्रयोगांची तंटेबखेडी

येथवरची कथा फार सरळ वाटत असेल, तर थोडे थांबावे. २००८ साली स्वित्झर्लंडमधील युर्ग चोप यांच्या गटाने दाखवले की ॲस्बेस्टॉस आणि सिलिका यांची चाहूल भक्षकपेशीतला एनएलआरपी-३ नावाचा संवेदक घेतो आणि इंटरल्यूकिन-१ हा दाहाचा निरोप बाहेर पडतो. सांध्यांत युरिक आम्लाचे खडे झाल्यावर जो ठणका लागतो, त्यामागेही हाच संवेदक आहे. साहजिकच असे वाटले की हा संवेदक काढून टाकला तर कर्करोगही होणार नाही. २०१२ साली एनएलआरपी-३ नसलेल्या उंदरांवर प्रयोग झाला. त्यांनाही मेसोथेलिओमा झालाच, इतर उंदरांइतकाच.

चार वर्षांनी, २०१६ मध्ये, अमेरिकेतल्या जोसेफ टेस्टा यांच्या प्रयोगशाळेने त्याच साखळीतला दुसरा दुवा काढला. एएससी नावाचे हे प्रथिन एकट्या एनएलआरपी-३ ला नव्हे, आणखी काही संवेदकांनाही लागते. या उंदरांत रोग उशिरा आला. शिवाय इंटरल्यूकिन-१ चा निरोप अडवणारे, संधिवातावर वापरले जाणारे औषध दिल्यावरही रोग लांबला. दोन्ही निकाल खरे मानले तर अर्थ बहुधा असा की दगडाची चाहूल घेणारे पहारेकरी अनेक आहेत. एकाला हटवून भागत नाही, त्यांचा सामाईक निरोप्या अडवावा लागतो. 'बहुधा' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो आहोत. दोन प्रयोगशाळांतले उंदीर आणि धाग्यांची मात्रा सारखी नसते, आणि उंदराचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे. माणसातली चाळीस वर्षे त्यात कशी बसवायची?

माणसांबाबतचा एक पुरावा अनपेक्षित ठिकाणाहून आला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,०६१ लोकांवर इंटरल्यूकिन-१ अडवणाऱ्या एका औषधाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ साली आले. औषध घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग लक्षणीय रीतीने कमी झालेला दिसला. सर्वांत मोठी मात्रा घेणाऱ्यांत तर तो दोनतृतीयांशाने कमी होता. पण फुफ्फुसाचा कर्करोग आधीच झालेल्या रुग्णांना तेच औषध उपचार म्हणून दिले, तेव्हा पुढच्या चाचण्यांत अपेक्षित गुण आला नाही. मेसोथेलिओमाबाबत ॲस्पिरिनने उंदरांतल्या गाठींची वाढ मंदावल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले आहे. ते उंदरांपुरतेच आहे. यावरून कोणी रोज गोळी घेऊ नये. प्रत्यक्ष रुग्णांसाठी अलीकडचे मोठे पाऊल म्हणजे २०२१ साली प्रसिद्ध झालेली चाचणी. तीत प्रतिकारपेशींचे लगाम सैल करणारी दोन औषधे एकत्र दिली. जगण्याचा मध्यक १४.१ महिन्यांवरून १८.१ महिन्यांवर गेला. चार महिने. शंभर वर्षांच्या शोधानंतर रुग्णाच्या पदरात आज एवढे पडते.

पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचा प्रश्न

दक्षिण आफ्रिकेने २००८ साली ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. ब्रिटनने १९९९ मध्ये घातली होती. अमेरिकेने पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदीचा नियम केला तो २०२४ मध्ये. भारतात या खनिजाच्या खाणींना नवे परवाने देणे १९८६ पासून थांबले. पण पांढऱ्या ॲस्बेस्टॉसची, म्हणजे क्रायसोटाइलची, आयात होत राहिली. आपल्याकडे ज्यांना नुसते 'सिमेंटचे पत्रे' म्हणतात, त्यांतले पुष्कळसे याचेच. कोकणातल्या पडव्यांपासून मुंबईच्या वस्त्यांपर्यंत ते सर्वत्र दिसतात, आणि शाळांच्या छपरांवरही.

क्रायसोटाइलचे समर्थक म्हणतात की त्याचे धागे मऊ व कुरळे असतात आणि शरीरात निळ्यासारखे टिकत नाहीत. यात तथ्य आहे. मात्र दाहाचे शास्त्र येथे उपयोगी पडते. २०१३ साली यांग यांच्याच गटाने दोन्ही प्रकारांची तुलना केली. उंदरांना क्रायसोटाइल एकदाच दिले तर एचएमजीबी-१ चा दाह काही आठवड्यांत ओसरू लागे, निळ्याचा ओसरत नसे. पण क्रायसोटाइल पुन्हा पुन्हा देत राहिले, तर दाह पेटता राहिला. पत्रे कापणाऱ्या, भोके पाडणाऱ्या, ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवणाऱ्या कामगाराला धूळ एकदाच मिळत नाही, रोज मिळते. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था पांढऱ्यासह ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार मानवात कर्करोगकारक मानते, याचे आश्चर्य वाटायला नको. न हललेल्या, न फुटलेल्या पत्र्यात धागे सिमेंटमध्ये जखडलेले असतात. तो फोडताना, करवतीने कापताना, ब्रशने कोरडा घासताना ते सुटतात. शाळेचे छप्पर उतरवायचे असेल तर पत्रे ओले करून, अखंड उतरवणे आणि मुलांना त्या दिवशी आवारात न बोलावणे एवढे तरी करता येते.

२७ जानेवारी १९९५ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांविषयीच्या एका याचिकेवर निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यात म्हटले आहे. त्याच निकालात कारखान्यांना एक आदेश आहे. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपून ठेवायची. त्या वर्षी विशीत कामाला लागलेल्या मुलाच्या वहीची मुदत २०३५ पर्यंत तरी संपत नाही.